एमआरपी विसरा, मॉडेल नंबर बघा

नवा टीव्ही दसऱ्याला घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं, असं एकाने विचारलंय. माझं मत, मुहूर्तापेक्षा मॉडेल नंबर महत्त्वाचा. "५५ टक्के सूट" ही एमआरपीवर असते, आणि त्या एमआरपीला टीव्ही वर्षभर कुणीच विकत नाही. तोच नंबर टाकून मागच्या काही महिन्यांचा भाव बघा, मग खरी सूट कळते. नंबरातलं शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी पॅनेल (पडदा) किंवा पोर्ट (केबल जोडायच्या जागा) वेगळे असू शकतात, तेही तपासा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. त्याआधीच्या भावाशी तुलना करून कुणी "सेलची सूट" सांगत असेल तर हसून सोडून द्या.

मी गेल्या दिवाळीत ऑनलाइनचा भाव मोबाइलवर घेऊन नाशिकच्या एमजी रोडला गेलो, मग कॅनडा कॉर्नरला. एका दुकानदाराने भाव जुळवला नाही, पण भिंतीवरचा स्टँड आणि फिटिंग फुकट दिलं. हिशेब तिथेच बसला. (पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला, तो वेगळा!)

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांत, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो. खोकं मात्र फिटिंगवाल्यासमोरच उघडा, व्हिडिओ काढत. आमच्या शेजाऱ्यांनी आधीच उघडलं, पडद्याला तडा निघाला, आणि बदलून मिळायला तीन आठवडे भांडावं लागलं.