बाबांसाठी बीपी मशीन सुचवा (बजेट १५००, गाव गुहागरजवळ)

गुहागरी_बदलापुरात: नमस्कार मंडळी. बाबा ६८, गावी आई आणि ते दोघंच, मी बदलापूरला. मागच्या सोमवारी चहा पिताना बाबांच्या हातातली बशी सुटली, तोंड जरा वाकडं झालं, दहा मिनिटांत परत नीट. बाबा म्हणे पित्त झालंय, कोकम सरबत पिऊन झोपले. मला आईने दोन दिवसांनी फोनवर सांगितलं, ते पण नारळ पाडायला गडी मिळत नाही हे सांगता सांगता. चिपळूणला नेलं तर बीपी १७०/१००. डॉक्टर म्हणाले टीआयए आहे, म्हणजे अर्धांगवायूच्या मोठ्या झटक्याआधीचा इशारा समजा. गोळ्या चालू केल्यात आणि घरी बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलंय. मशीन कुठलं घेऊ? आईला बारीक आकडे दिसत नाहीत, पावसात लाइट जाते म्हणून सेलवर चालणारं हवं. १५०० च्या वर नको प्लीज.

एमएच०८: ओमरॉनचं ब्लूटूथवालं घे डोळे झाकून. थोडं महाग आहे पण मोबाइलवर ग्राफ येतो, मी रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकतो. तब्येतीत पैसे बघू नयेत.

गुहागरी_बदलापुरात: बाबांकडे बटणाचा फोन आहे हो.

खाजणकाठचा: मनगटावरचं अजिबात घेऊ नका, मी घेऊन फसलोय. हात मांडीवर ठेवला की एक आकडा, छातीशी धरला की दुसरा, बायको म्हणाली मशीनलाच बीपी झालंय. आता कपाटात पडलंय. कोणाला हवं असेल तर सांगा, निम्म्या किमतीत देतो.

कुडाळचो_झील: मशीन घेवन काय करतलास? आमच्या आजयेन जल्मात बीपी मोजल्यान नाय, ९१ वर्सां जगली. सोलकढी पी नि गप ऱ्हव.

आंबोशी: आजीचं सोडा, त्या पिढीने रोज डोंगर चढले. बाबा खातात काय ते बघा आधी. आमच्या घरी पेजेबरोबर खारा बांगडा, वर लोणचं, वर पापड, आणि सासरे म्हणायचे मी तर मीठ वरून घेतच नाही! दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, म्हणजे चहाचा एक चमचा, तो आमच्याकडे न्याहरीलाच संपायचा. मी आता सैंधव वापरते.

खाजणकाठचा: ताई सैंधव पण मीठच आहे, त्यात पण सोडियमच असतं. रंग गुलाबी एवढंच.

आंबोशी: आमच्या वैद्यांनी सांगितलंय. आणि सुका बांगडा मी दोन पाण्यातून काढते.

खाजणकाठचा: काढा, थोडं जातं. सगळं नाही जात.

सड्यावरून: मशीन घ्या नका घेऊ, गाडीची सोय आधी करा. माझ्या मोठ्या मेव्हण्याच्या अंगावरून वारं गेलं ते पहाटे साडेतीनला. वाडीतल्या लोकांनी कबुतराचं रक्त चोळायला लावलं, मग एक जण तेल लावणारा आला, मग उजाडू दे म्हणाले, आणि अकरा वाजता हॉस्पिटलात. तिथे सांगितलं की मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. उजवा हात अजून चालत नाही. ते दुकानाचे गाळे चालवायचे, आता पोराला वजनाचा काटा कसा धरायचा हे बसल्या जागेवरून ओरडून सांगतात.

बिऱ्हाडकरू: आमच्याकडे वहिनींनी झटका आल्याबरोबर ॲस्पिरिन दिली होती, नेटवर वाचून.

सिस्टर_दापोली: ॲस्पिरिन घरी देऊ नका. काही जणांना गुठळी नसते, रक्तस्राव असतो, ते सीटीशिवाय कळत नाही. शुद्धीवर असले तरी पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं जड, यातलं एक दिसलं तरी १०८ लावा आणि शेवटचं ठीक कधी बघितलं ती वेळ लक्षात ठेवा, झोपेतून उठताना दिसलं तर रात्री झोपायला गेले ती वेळ.

आता मशीनचं म्हणाल तर दंडावरचं, साधं, मोठ्या आकड्यांचं घ्या, ब्लूटूथ नको. शिंप्याच्या टेपने बाबांचा दंड मोजा, बऱ्याच मशीनचा पट्टा २२ ते ३२ सेंमीला बसतो, दंड जाड असेल तर मोठा पट्टा, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना वही दाखवा. आणि नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच! मशीन ठोके अनियमित दाखवत असेल तर ईसीजी काढा. बाबा तंबाखू खातात का?

गुहागरी_बदलापुरात: मिश्री. लपवून.

सिस्टर_दापोली: मग मशीनआधी ती.

एमएच०८: ब्लूटूथचा तोटा काय ते कळलं नाही.

देवरुखकर: सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण दंडावरचंच घ्या, मनगटावरचं नको.

गुहागरी_बदलापुरात: सगळ्यांचे आभार. मशीन घेतलंच नाही. शेजारच्या भाऊकाकांकडे दोन वर्षं पडून होतं, मुलाने दुबईहून आणलेलं. आता बाबा रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पडवीत जातात, दोघं एकमेकांचं मोजतात, वही भाऊकाका लिहितात कारण अक्षर त्यांचं बरं. माझे १५०० मी वाडीतल्या ईकोवाल्या दादाकडे ठेवलेत, १०८ ला उशीर होतोय असं वाटलं तर त्याने रात्री कितीही वाजता निघायचं, पैशांचं विचारायचं नाही. चिपळूणचा रस्ता आमच्याकडून सव्वा तासाचा. मिश्रीची डबी आईने विहिरीत टाकली म्हणते, बाबा काल दुकानात दिसले होते.

सिस्टर_दापोली: भाऊकाकांचा दंड जाड आहे की बारीक? पट्टा कोणाच्या मापाचा आहे ते बघा. आणि मोजताना दोघांना गप्पा मारू देऊ नका.

गुहागरी_बदलापुरात: ते काही जमणार नाही.