१८९५ ची मुंबई, दोन पुरुषांचं प्रेम आणि एक खून : अ‍ॅलिबी कुठे चुकतेय?

बोरूबहाद्दर (प्रश्न)

कादंबरीचा आराखडा देतो. १८९५, पावसाळा, गिरगावातली चाळ. विनायक, वय २६, हायकोर्टाच्या ट्रान्सलेटरच्या कचेरीत कारकून. सखाराम, वय २४, छापखान्यात खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम. चाळीचं भाडं वसूल करणाऱ्या मेहताच्या हाती विनायकने सखारामला लिहिलेलं एक पत्र लागतं आणि तो दरमहा पैसे उकळू लागतो. एके सकाळी मेहता जिन्याखाली मेलेला सापडतो, डोक्याला जखम. संशय सखारामवर. त्या रात्री तो विनायककडे होता, हीच त्याची अ‍ॅलिबी (गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा), पण विनायकने तसं सांगितलं तर दोघंही तुरुंगात.

खर्डा वाचणाऱ्यांचा आक्षेप एकच: प्रेमकथा आणि खुनाचा तपास दोन वेगळ्या रुळांवरून धावतात, आणि कोर्टाची प्रकरणं लंडनमध्ये घडल्यासारखी वाटतात. कायदा, पत्राचा पुरावा, मृत्यूची वेळ या तिन्हींबद्दल नेमकी माहिती हवी आहे. आणि दोघांना जिवंत ठेवून शेवट करता येईल का?

कलम_कसाई

लंडनचा वास येतो कारण कायदा लंडनचा वापरला आहे. ऑस्कर वाइल्डला मे १८९५ मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झाली ती इंग्लंडच्या १८८५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली. त्यात 'असभ्य वर्तन' एवढं मोघम पुरायचं, त्यामुळे पत्रं आणि हॉटेलातल्या नोकरांच्या साक्षी भारी पडल्या. तो कायदा मुंबईला लागू नव्हता. इथे होतं ते भारतीय दंड संहितेचं ३७७, १ जानेवारी १८६२ पासून. शिक्षा जबर, जन्मठेप काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण सिद्ध करायला प्रत्यक्ष कृत्य लागायचं. १८८४ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने खैरातीच्या खटल्यात शिक्षा रद्द केली ती याच मुद्द्यावर: कधी, कुठे, कोणाबरोबर यातलं काहीच सरकारपक्षाने सांगितलं नव्हतं. म्हणजे नुसत्या प्रेमपत्रावर मुंबईत कोणी ३७७ खाली आत गेला असं दाखवलंत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

मग पत्राची भीती कशाची? ३०२ ची, म्हणजे खुनाच्या कलमाची. तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्याच्या ८ व्या कलमाखाली हेतू दाखवणारी वस्तू म्हणून ते पत्र थेट खुनाच्या खटल्यात येतं. मेहताकडे पत्र, मेहता पैसे उकळत होता, मेहता मेला. फास या बाजूने आवळा.

आता अ‍ॅलिबी. 'तो रात्री माझ्या खोलीत झोपला होता' यात १८९५ च्या गिरगावात कबुलीसारखं काहीही नाही. एका खोलीत पाच-सहा पुरुष झोपायचे. विनायकला हे वाक्य बोलायला काहीच अडचण नाही. अडचण तेव्हा, जेव्हा पत्र आधीच पोलिसांकडे आहे आणि अक्षर कोणाचं ते कळलेलं नाही. तोंड उघडलं की सरकारी वकील विचारणार, तू याचा कोण? मग साक्षीदाराचाच दुसरा आरोपी होतो. म्हणजे क्रम बदला: पत्र आधी सापडू द्या, अ‍ॅलिबी नंतर.

त्याच पुराव्याच्या कायद्याचं कलम १३२ पण वाचून ठेवा. उत्तराने स्वतःवर बालंट येतं म्हणून साक्षीदाराला गप्प बसता येत नाही. मात्र सक्तीने दिलेलं उत्तर पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. खोच 'सक्तीने' या शब्दात आहे. आधी हरकत घेतली नाही तर ती सक्ती म्हणायची का, यावर १८८१ मध्ये मद्रास हायकोर्टातच न्यायाधीशांत मतभेद झाले होते. विनायक कोर्टातलाच माणूस, त्याला हे ठाऊक असणार. पण हरकत घेणं म्हणजे 'माझ्याकडे लपवण्यासारखं आहे' हे भर कोर्टात सांगणं. एक अख्खं प्रकरण इथे उभं राहतं.

आणखी तीन चुका सर्रास होतात. इन्स्पेक्टरसमोरची कबुली पुराव्यात येत नाही (त्याच कायद्याचं कलम २५), तिथे केस 'सुटली' असं लिहू नका. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार सापडलं तर तेवढा भाग येतो (२७). आरोपी शपथेवर साक्ष देऊ शकत नव्हता, न्यायाधीश त्याला शपथेविना प्रश्न विचारायचे. म्हणून सखाराम पिंजऱ्यात उभा राहून वकिलाच्या उलटतपासणीला बाणेदार उत्तरं देतोय हा प्रसंग काढून टाका. खटला हायकोर्टाच्या सेशनमध्ये, नऊ ज्यूरर.

मेहताचा गुन्हाही लहान नव्हता. ३७७ चा आरोप करण्याची धमकी देऊन पैसे उकळले तर दंड संहितेच्या ३८८-३८९ खाली त्यालाही जन्मठेप होऊ शकत होती. विनायकला हे माहीत असून तो तक्रार करत नाही. का नाही, हे वाचकाला त्याच्या तोंडून कळायला हवं.

चर्नीरोड_लोकल

वरच्या प्रतिसादाला पुष्टी. दोन पुरुष खांद्यावर हात टाकून चौपाटीवर फिरले तरी कोणी वळून पाहत नसे. चोरट्या भेटी, बुरखे, मागची दारं हा मालमसाला इथे नको. धोका जातीचा, नोकरीचा आणि लग्नाचा. २६ वर्षांचा कारकून अविवाहित? त्याचं लग्न मुंजीनंतर चार-दोन वर्षांत उरकलेलं असणार, बायको कोकणात. तिला कथेत आणा, नाहीतर वाचक विचारतीलच.

वेळेचा एक मुद्दा फुकट मिळतोय तो सोडू नका. तेव्हा मुंबईत दोन वेळा चालत. शहराची मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, रेल्वेची मद्रास वेळ ५ तास २१ मिनिटं पुढे. स्टेशनच्या घड्याळात साडेदहा तेव्हा राजाबाई टॉवरवर दहा. सरकारने १८८१ मध्ये मद्रास वेळ शहरावर लादून पाहिली, लोकांनी ऐकलं नाही, १८८३ मध्ये नाद सोडावा लागला. एक साक्षीदार गाडीवरून वेळ सांगतो, दुसरा टॉवरच्या ठोक्यांवरून, दोघंही खरं बोलतात आणि मध्ये अर्धा तास गायब होतो. तेवढ्यात जिन्यावर काय वाट्टेल ते घडू शकतं.

बारीकसारीक: रस्त्यावर गॅसचे दिवे, ट्राम घोड्यांची (विजेची १९०७ ला). बोटांचे ठसे अजिबात नकोत, कलकत्त्यात त्यांचा ब्युरोच १८९७ ला निघाला आणि पुराव्याच्या कायद्यात ठशांचा उल्लेख १८९९ ला आला.

शिरोरेघ

माझ्या मते कादंबरीची किल्ली पत्राच्या भाषेत आहे, आणि ती मराठीतच शक्य आहे.

आधी लिपी. १८९५ चा कारकून खाजगी पत्र मोडीत लिहिणार. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं जवळपास नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. गोऱ्या इन्स्पेक्टरला यातलं अक्षरही लागणार नाही. पण सखाराम कंपोझिटर आहे, त्याचा दिवस बाळबोध (म्हणजे देवनागरी) खिळ्यांत जातो. त्याला मोडी वाचता येत नाही असं ठरवा. मग विनायक त्याच्यासाठी मुद्दाम बाळबोधीत लिहितो, एकेक अक्षर सुटं, सावकाश. हाच प्रेमाचा पुरावा आणि हाच तपासाचा धागा: मोडी लिहिणाऱ्या माणसाने बाळबोधीत पत्र का लिहिलं? कारण वाचणारा मोडी न जाणणारा आहे. चाळीत असे साक्षर किती?

अक्षर ओळखण्याचा प्रश्नही यातून सुटतो. कचेरीतले सहकारी विनायकचं मोडी अक्षर झोपेतही ओळखतील, त्याचं बाळबोध मात्र कोणी पाहिलेलंच नाही.

दुसरं, क्रियापद. 'मी आलो', 'मी आले' यात लिहिणाऱ्याचं लिंग कळतं, 'तू आलास', 'तू आलीस' यात वाचणाऱ्याचं. पण मराठीत लपायला जागा भरपूर. 'मी पत्र लिहिलं', 'मी वाट पाहिली' इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्ता पुरुष की बाई ते कळत नाही. 'येईन', 'भेटेन' सुरक्षित. 'आठवण येते', 'यावंसं वाटतं' सुरक्षित. 'मी आहे' सुरक्षित, 'मी होतो' मात्र उघडं. विनायकने पूर्ण पत्र असंच लिहिलेलं असू द्या. पोलीस बाई शोधत बसतील. आणि एका ठिकाणी, फक्त एका ठिकाणी, तो बेसावध होऊन 'थांबलो' लिहून जातो. ते पत्र कादंबरीत सुरुवातीलाच पूर्ण छापा. वाचकाच्या डोळ्यांसमोर असेल, तरी दहांतले आठजण त्यावरून पुढे जातील.

तिसरं, आणि हे वापरलं नाहीत तर मी वापरेन. पत्र पुरावा म्हणून दाखल झालं की त्याचं इंग्रजी भाषांतर लागणार, आणि ते काम विनायकच्याच कचेरीत येणार. इंग्रजीत 'थांबलो' आणि 'थांबले' एकच. 'तू आलास' आणि 'तू आलीस' एकच. त्याने तंतोतंत, प्रामाणिक भाषांतर केलं तरी दोघांचंही लिंग आपोआप पुसलं जातं. खोटं एक अक्षर नाही. फक्त ज्यूरीत एखादा मराठी बसलेला हवा, जो मूळ कागद मागून घेतो.

मायना सांभाळा. पुरुषाला 'राजश्री', बाईला 'सौभाग्यवती', हे पहिल्याच ओळीत घात करतं. म्हणून मायना नसलेलं पत्र. पण मायना नसलेलं पत्र त्या काळी इतकं विचित्र दिसेल की तोही संशयच. 'समलिंगी' हा शब्द पात्रांच्या तोंडी घालू नका, तो फार पुढचा. 'स्नेह', 'जिवलग', 'जीव जडणं' एवढं पुरे.

बोरूबहाद्दर

'थांबलो' वाचून खर्डा पुन्हा पहिल्या पानापासून उघडलाय. दोन शंका. मेहताचं प्रेत सकाळी सहाला सापडतं, डॉक्टर मृत्यूची वेळ सव्वादहा सांगतो, हे चालेल का? आणि खुनी कोण, हे प्रेमकथेशी जोडायचं कसं?

पंचनामा

सव्वादहा नाही चालणार. आजही कोणी प्रामाणिक डॉक्टर तसं सांगणार नाही. पावसाळ्यातल्या मुंबईत हवा आणि शरीर यांच्या तापमानात फरक थोडा, त्यामुळे प्रेत किती निवलं यावरून फारसं हाती लागत नाही. ताठरता आपल्या हवेत तास-दोन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरू होते. सकाळी सहाला सगळं अंग ताठ असेल तर 'रात्री आठ ते मध्यरात्र' एवढंच म्हणायचं. वरचा अर्ध्या तासाचा घोळ या चार तासांत आरामात मावतो. त्याहून उपयोगी खूण म्हणजे रक्त साकळून पडलेला जांभळा रंग. तो शरीराच्या खालच्या बाजूला येतो आणि सहा-आठ तासांनी बसून जातो. प्रेत पालथं सापडलं आणि रंग पाठीवर असेल तर कोणीतरी नंतर हलवलं आहे.

आणि पंचनाम्यावर थांबू नका (माझं नाव बाजूला ठेवा). मुंबई शहरात संशयास्पद मृत्यू कॉरोनरकडे (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचा, १८७१ च्या कायद्याप्रमाणे, ज्यूरीसकट. ही पद्धत मुंबईत १९९९ पर्यंत होती. कॉरोनरने सोडल्याशिवाय प्रेताला अग्नी नाही. तिथे साक्षी शपथेवर होतात, आणि तेव्हा आरोपी कोणीच नसतो. सखाराम घाबरून 'मी माझ्याच खोलीत होतो' असं शपथेवर सांगून बसला की पुढे खरी अ‍ॅलिबीसुद्धा खोटी ठरते.

कलम_कसाई

हे छान. मग १३२ पेक्षा हाच फास मोठा.

शिरोरेघ

खुनी: मेहताकडे एकच पत्र कशाला असेल? पुडकं असणार, चार-पाच बिऱ्हाडांची गुपितं. खुनी दुसराच एक पिळला गेलेला माणूस, ज्याला मोडी वाचता येत नाही. अंधारात, घाईत तो चुकीचा कागद उचलतो आणि स्वतःचा मागे ठेवतो. म्हणजे 'मोडी कोणाला येत नाही' हा प्रश्न सखारामला अडकवतो तसाच खुन्यालाही पकडतो. एकच धागा, दोन्ही कथांतून.

आणि सखारामला नुसतं सोडवून घेण्याचं पात्र ठेवू नका. कंपोझिटर खिळे उलटे वाचतो. मेहताच्या मेजावरच्या टिपकागदावर उलटी उमटलेली शाई त्याला आरशाशिवाय वाचता येईल, आणि मेहता बाळबोधीत हिशेब ठेवणारा असेल तर पुढचा बळी कोण होता ते तिथे असेल. विनायक मोडी सोडवतो, सखाराम उलटं सोडवतो. दोघं एकत्र बसल्याशिवाय गुन्हा उलगडत नाही, आणि ते एकत्र बसणं हीच प्रेमकथा.

चर्नीरोड_लोकल

शेवटाबद्दल: दोघांना मारू नका, एकाला संन्यासीही करू नका. खटला सुटल्यावर एका खोलीत दोन भाडेकरू म्हणून राहणं त्या काळात सगळ्यात सोपं. कठीण आहे ती विनायकची बायको. तिच्यासाठी समुद्र वापरा. पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू. खून आषाढात घडला तर तिला मुंबईला यायला तोपर्यंत थांबावं लागेल, टपाल मात्र घाटाने येत राहील. तारखा १८९५ च्या जुन्या पंचांगावरून लावा, शके १८१७. आणि ती पहिल्या आगबोटीने उतरेल तेव्हा तिला मोडी वाचता येतं की नाही हे आत्ताच ठरवून ठेवा.