हद्दीचं कारण चालत नाही

तुमची मैत्रीण बलात्काराची फिर्याद द्यायला गेली, तेव्हा तिला ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ म्हणत पोलीस ठाण्यातून परत पाठवलं, हे वाचून फार चीड आली. असं परत पाठवताच येत नाही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बलात्कारासारखा गंभीर गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंद (‘झिरो एफआयआर’) घेऊन तो योग्य ठाण्याकडे वर्ग करणं हे पोलिसांचंच काम. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, प्रतही मोफत द्यायची. अशा गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे. हे कलम ठाण्यात स्पष्ट बोलून दाखवा. तोवर उपचार मात्र थांबवू नका. खासगी रुग्णालयानेही ते तातडीने आणि मोफत करायचे असतात, आधी एफआयआर आणा म्हणता येत नाही.