.२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

मुग्धा_डेटन:
नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने मी क्लबच्या रेंजवर जायला लागले. सुरुवातीला सगळ्यांनी नऊ एमएमचं पिस्तूल दिलं. आवाज, धक्का, आणि कपाळाजवळून उडणारी गरम पुंगळी, मला काही ते जमेना. मग क्लबातल्या एका आजींनी त्यांचं लांब नळीचं .२२ चं रिव्हॉल्व्हर दिलं आणि मी तासभर तिथून हलले नाही.

आता मला तसलंच घ्यायचंय. नवरा आणि त्याचे मित्र म्हणतात, रुगर मार्क फोर हे .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घे. दहा गोळ्यांचं मॅगझिन, अचूक, आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वस्त. घ्यायचं झालं तर स्मिथ अँड वेसन ६१७, जुनं मॉडेल १७ आणि रुगर सिंगल-सिक्स अशी तीन नावं डोक्यात आहेत. खरंच यात काही आहे, की नुसतं जुन्याचं कौतुक? कुणी वापरणारं असेल तर सांगा.

इचलकरंजीकर:
मुग्धाताई, तुमच्या यजमानांच्या मित्रांचं काही चूक नाही. किंमत आणि अचूकपणा एवढंच बघायचं असेल तर मार्क फोरला तोड नाही. तरी मी तुम्हाला रिव्हॉल्व्हरच घ्या म्हणेन. मी इकडे अॅक्रनजवळ टूलरूममध्ये काम करतो. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे लोखंडाची कुठलीही वस्तू हातात आली की ती घडवली कशी हे आधी बघतो.

माझं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर म्हणजे स्मिथ अँड वेसनचं के-२२ मास्टरपीस, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालिकेतलं. सहा इंची नळी, वजन किलोच्या थोडं वर. एवढ्या लोखंडातून सुटते ती ४० ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची. धक्का नावापुरता. मोठ्या कॅलिबरमध्ये, म्हणजे मोठ्या मापाच्या गोळीत, नेम चुकला की धक्क्यावर ढकलता येतं. इथे तशी सोय नाही, गोळी डावीकडे खाली गेली तर ती तुमच्या बोटाने नेली.

हे बघायची एक रीत आहे. सिलिंडरमध्ये चार जिवंत काडतुसं आणि दोन उडवलेल्या पुंगळ्या घालायच्या, न बघता सिलिंडर फिरवून बंद करायचा आणि नेहमीसारखा नेम धरायचा. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडतो, नुसता टक् आवाज होतो, आणि त्याच क्षणी पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, पाव इंच खाली डुबकी मारताना दिसते. धक्का आलाच नाही तरी मनगटाने तो आधीच झेललेला असतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्येही डमी, म्हणजे नकली काडतूस, घालून हे करता येतं, पण तिथे दर वेळी स्लाइड ओढून डमी बाहेर काढावी लागते आणि लय मोडते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की झालं.

आणि तो चाप! घोडा अंगठ्याने मागे ओढून मारलं, म्हणजे सिंगल अॅक्शनने, तर चाप दोन-तीन पौंडांत सुटतो, काच फुटावी तसा. डबल अॅक्शनमध्ये मात्र सगळं काम तुमच्या एका बोटाचं: सिलिंडर फिरवणं, तो अडकवणं, घोडा मागे नेणं आणि सोडणं. दहा-बारा पौंडांचा तो लांब ओढा अखंड, एकाच गतीने ओढायला शिकलात की कुठल्याही बंदुकीचा चाप तुम्हाला हलका वाटेल. महाग गोळ्यांवर हे शिकणं परवडत नाही. .२२ वर परवडतं.

आता संग्राहकांचं. लोकांना वाटतं, .२२ म्हणजे मुलांची बंदूक, खरी रिव्हॉल्व्हरं मोठी. इतिहास नेमका उलटा आहे. १८५७ मध्ये स्प्रिंगफील्डला स्मिथ आणि वेसन यांनी जे पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, ते सात गोळ्यांचं, .२२ शॉर्टचं होतं. धातूच्या पुंगळीचं, एकसंध काडतूस मागून भरायचं अमेरिकेतलं पहिलं यशस्वी रिव्हॉल्व्हर हेच. कॅलिबर लहान ठेवण्यामागे कारण होतं. या काडतुसात पेटणारा मसाला पुंगळीच्या मागच्या काठात असतो, आणि घोड्याच्या ठोक्याने तो काठ चेपला पाहिजे, म्हणून पत्रा पातळ हवा. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. तेव्हाच्या तांब्याच्या पुंगळीत मोठी दारू भरणं शक्यच नव्हतं.

सिलिंडर आरपार छिद्रांचा करण्याचं पेटंट रोलिन व्हाइटकडे होतं, १८५५ चं. स्मिथ आणि वेसन त्याला नगामागे २५ सेंट देत, पण पेटंट राखायला कोर्टात जायची जबाबदारी त्यांनी करारात त्याच्याच गळ्यात घातली. बिचाऱ्याचा बराच पैसा खटल्यांत गेला. १८६९ ला पेटंट संपेपर्यंत खुद्द कोल्टलासुद्धा वाट बघावी लागली. ते चिमुकलं मॉडेल १ आजही प्रदर्शनांत विकायला येतं. १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार केंद्राच्या कायद्यात अँटिक धरतात, त्यामुळे खरेदीची नेहमीची कागदपत्रं लागत नाहीत. राज्याचा नियम तेवढा बघून घ्या.

के-२२ चा वंश १९३१ चा, तेव्हा नाव होतं आउटडोअर्समन. १९४० मध्ये सुधारलेली साइट घालून मास्टरपीस आलं, हजारभर नग बनले आणि युद्धामुळे काम थांबलं. १९४६ च्या अखेरीस पुन्हा सुरू झालं. १९५७ पासून नावाऐवजी आकडा आला, मॉडेल १७. म्हणजे तुमच्या यादीतलं १७ हे माझ्या के-२२ चंच पुढचं रूप आणि ६१७ त्याचं स्टेनलेस भावंड. साइडप्लेटचा, म्हणजे बाजूच्या झाकणपट्टीचा, वरचा स्क्रू साधारण १९५५ ला गेला, ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, पुढचा १९६१ ला. त्यामुळे जाणकार माणूस हत्यार हातात घेतल्याबरोबर आधी स्क्रू मोजतो. मला ते फार आवडतं. कारखान्यात कुणीतरी एक स्क्रू वाचवला आणि सत्तर वर्षांनी त्यावरून वय कळतं.

जुनं घेणार असाल तर सिरियल नंबर सगळीकडे एकच आहे ना ते जुळवा: मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नळीच्या खालच्या सपाट भागावर. शक्य झालं तर उजवी लाकडी पट्टी काढून आतला नंबरही बघा. विक्रेत्याची परवानगी घेऊन, रिकामं असल्याची खात्री करून, घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जायच्या आधी सिलिंडर जागेवर अडकला पाहिजे. सहाही चेंबरला, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसांच्या घरांना, हे करा. मग प्रत्येक चेंबरच्या काठावर नख फिरवा. .२२ रिकामं चालवलं तर फायरिंग पिन त्या काठावर आपटू शकते आणि काठ आत दबतो. नखाला खाच लागली तर काडतूस आत जाताना अडणार. लोखंडावरची निळाई (निळसर मुलामा) किती टिकलीय यापेक्षा हे महत्त्वाचं.

सिंगल-सिक्सबद्दल थोडक्यात. १९५३ पासून निघतं, दणकट, आणि बऱ्याच मॉडेलांबरोबर .२२ मॅग्नमचा दुसरा सिलिंडर मिळतो. पण दर गोळीला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो आणि रिकाम्या पुंगळ्या एकेक करून ढकलाव्या लागतात. १९७३ च्या आधीचं घेतलं तर घोड्याखालचं चेंबर रिकामं ठेवायचं, हे कधीही विसरू नका. रुगर कंपनी त्या जुन्यांत सुरक्षेचा नवा भाग फुकट बसवून देते.

आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एच-वनबी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असाल तर साधारणपणे हत्यार किंवा गोळ्या बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. मुग्धाताईंनी ग्रीन कार्ड आल्याचं आधीच सांगितलं, ते बरं केलं.

बालेवाडी_२५मीटर:
काकांनी .२२ चं छान लिहिलंय. मी भारतातल्या खेळाडूंच्या बाजूने .३२ बद्दल सांगते, कारण आपल्याकडे लहान कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की लोकांना तेच आठवतं.

२५ मीटर सेंटर फायर (ज्या काडतुसात मसाला काठाऐवजी मध्यभागी असतो) हा नेमबाजीचा प्रकार .३० ते .३८ च्या मधल्या कॅलिबरवर खेळतात आणि जगभर बहुतेक जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात. मूळ काडतूस १८९६ चं. सपाट तोंडाची वॉडकटर गोळी कागदावर पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, गुण मोजताना वाद होत नाही. जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ६०० पैकी ५९० करून सुवर्ण मिळवलं आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, ते याच सेंटर फायरमध्ये.

आता सगळे पिस्तुलावरच असतात, पण नियमाने रिव्हॉल्व्हर चालतं. रॅपिडच्या, म्हणजे जलद माऱ्याच्या, टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळतं, दर वेळी एकच गोळी. त्या सात सेकंदांत हात खाली असताना घोडा अंगठ्याने आरामात मागे ओढता येतो. मी शिकत असताना आमच्याकडच्या एका ज्येष्ठ नेमबाजांना असं खेळताना बघितलंय. घाई अशी नाहीच. शेजारचा पिस्तूलवाला श्वास आवरत असायचा तेव्हा यांचा घोडा ओढून झालेला असायचा.

वऱ्हाडी_पाहुणा:
आमच्या घरी आजोबांचं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ आहे. चालवत कुणीच नाही. आजोबांनंतर ते पोलीस ठाण्यात जमा करून बाबांनी वारस म्हणून लायसन्सचा अर्ज केला, बरेच हेलपाटे झाले, पण सुटलं. आता बाबांच्या नावावर आधीच दोन हत्यारं असती तर हे तिसरं ठेवता आलं नसतं, कारण २०१९ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आली. इचलकरंजीकर काका, एक विचारायचं होतं. नवीन सरकारी कारखान्याचं .३२ आणि हे जुनं वेब्ली यात एवढा फरक का सांगतात?

इचलकरंजीकर:
पाहुणे, कानपूरचं .३२ हे मुळात वेब्लीच्याच घराण्यातलं, वरून कडी दाबून मोडायचं तसंच. भारतात नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून आधी आलेल्या वेब्लींचे भाव चढत गेले. त्यात कारागिरीचा वाटा आहेच. ती कडी अंगठ्याने दाबून नळी खाली वाकवा. सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलून बाहेर पडतात आणि चांदणीसारखा तो तुकडा खट्कन जागेवर परत बसतो. जुन्या वेब्लीत तो आवाज एकच आणि कोरडा येतो. बिजागरीला पोकळ खेळ असेल तर तो दुहेरी येतो. आजोबांच्या वस्तूला घरी सॅंडपेपर किंवा पॉलिश लावू देऊ नका, एवढं कळवळून सांगतो. पातळ तेलाचा हात आणि कोरडी जागा पुरे. चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरतं आणि लोखंडाला खातं.

मुग्धा_डेटन:
बापरे, एवढं सविस्तर! दोन दिवसांत क्लबच्या आजींना स्क्रू मोजू का विचारलं. त्या खूश झाल्या. त्यांचं चार स्क्रूंचं मॉडेल १७ निघालं, साइडप्लेटचे तीन आणि ट्रिगर गार्डचा एक. एका दुकानात तसलंच एक बघून ठेवलंय, घोडा ओढून बघितला, सहाही चेंबर वेळेत अडकतात. एक शंका: आजींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शंभरेक गोळ्यांनंतर काडतुसं अंगठ्याने दाबून बसवावी लागतात. हा दोष आहे का? आणि घरी रिकामा सराव करायचा नाही, तर चापाचा सराव करायचा कसा?

इचलकरंजीकर:
चार स्क्रू म्हणजे १९६१ च्या आतलं. छान. दोष नाही, या मालिकेची चेंबर मुळातच घट्ट कातलेली असतात. शिसं, मेण आणि जळकी दारू साचली की काडतूस अडतं. .२२ चा ब्रश खिशात ठेवा, पन्नास-साठ गोळ्यांनंतर प्रत्येक चेंबरमधून दोनदा फिरवा. नळी खाली, बट वर करून काही करू नका, नाहीतर न जळलेली दारू एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जाऊन बसते आणि सिलिंडर बंद होईनासा होतो. पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे धरून एकदम ढकला. एक्स्ट्रॅक्टरला सावकाश ढकललं की पुंगळी त्याच्या काठाखाली अडकते.

सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातून ड्रायवॉलमध्ये स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे अँकर आणा, चार-ते-सहा नंबरचे. .२२ च्या चेंबरमध्ये बरोबर बसतात, घोडा त्यांच्या काठावर पडतो आणि चेंबर वाचतं. चेपले की फेकून द्या. सराव करताना खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. दुकानदाराने किंमत किती सांगितली ते कळवा, आणि नळीखालच्या सपाट भागावरचा नंबर बघितलात का?