आधी कळवा-ऐरोली, मग बोरिवलीचा बोगदा

कळवेकर : कल्याण-डोंबिवलीहून ऐरोली, रबाळे किंवा महापेला नोकरीसाठी जाणारा माणूस आजही ठाण्याला उतरतो, पूल चढून नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांकडे वळतो आणि तिथून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल पकडतो, म्हणजे ज्याचे ठाण्यात काडीचेही काम नाही, तोही ठाण्याच्या गर्दीत भर घालतो. हा वळसा चुकवणारा कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला, त्याचा मूळ अंदाज सुमारे ४७६ कोटींचा होता. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झाले, पण कळव्याकडचा जोड रखडला. त्याच वर्षी जुलैत ठाणे-बोरिवली रस्त्याच्या जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले, तो १६,६०० कोटींचा. प्रदेशाच्या दीर्घकालीन आराखड्यात कामांचा क्रम रोज किती जणांची पायपीट वाचते यावरून ठरावा, असे माझे मत आहे.

घोडबंदरवासी : ही तुलना मला पटत नाही. एक काम रेल्वेचे, दुसरे एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. बोगदा थांबवल्याने कळव्याचे काम एका दिवसानेही पुढे सरकणार नाही. तिथे अडले आहे ते पुनर्वसनावर, आणि मार्गावर घरे उभी राहिली कारण जागा वेळीच राखली गेली नाही. नवी मुंबईत नेमके उलटे झाले. ते शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. मधली बावीस वर्षे रुळांची जागा राखली गेली आणि रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटाही सिडकोनेच उचलला. दूरचे आज आखणे म्हणतात ते यालाच.

कळवेकर : त्याच बावीस वर्षांत वाशीकर बसला लोंबकळून खाडी ओलांडत होते, हेही लिहायला हवे होते. शिवाय कळवा-ऐरोली ज्यात येतो, त्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात निम्मा वाटा राज्याचा असतो आणि एमएमआरडीएही राज्याचीच, तेव्हा तिजोऱ्या आपण म्हणता तितक्या वेगळ्या नाहीत. पुनर्वसनाला पैसा लागत नाही, असे तर आपल्यालाही म्हणायचे नसेल.

निवृत्त आरेखक : दोघेही एक गोष्ट विसरत आहात. ठाण्याहून बोरिवलीला थेट लोकल नाही. दादरला गाडी बदलावी लागते. बोगद्यातली एक मार्गिका बससाठी राखली, तर कळवेकरांच्या कसोटीवरही तो उतरेल.

कळवेकर : तसे लेखी ठरले, तर माझा निम्मा आक्षेप मी मागे घेतो. कळव्याचा मात्र नाही.

घोडबंदरवासी : प्रत्येक बोगद्यात वाहतुकीच्या मार्गिका दोनच आहेत. त्यांतली एक बसला दिली, तर उरलेली रांग पुन्हा ठाणे-बोरिवलीच्या आजच्या वाटेवर, घोडबंदर रस्त्यावरच येईल, आणि त्या रस्त्यावर न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर आजच पुरेसे आहेत. बस जरूर सोडा, पण मार्गिका राखीव नको.