विषय: कब्सकडून यंदा काय अपेक्षा ठेवायची?

प्रेषक: नेपरव्हिलहून
२७ मार्च २०१७

नमस्कार मंडळी,

उद्याच्या पाडव्याच्या शुभेच्छा. कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हे हरवू नये म्हणून वेगळा विषय काढतोय.

येत्या रविवारी, २ एप्रिलला, सेंट लुईसमध्ये कब्सचा, म्हणजे आपल्या शिकागोच्या गतविजेत्या बेसबॉल टीमचा, पहिला सामना. रिग्लीवरचा, म्हणजे घरच्या मैदानावरचा, पहिला सामना १० तारखेला डॉजर्सशी, आणि त्याच संध्याकाळी विजेतेपदाचा झेंडा चढणार. उन्हाळ्यात मंडळातर्फे एकत्र तिकिटं काढायची का? दर खूप चढलेत, म्हणून आत्ताच विचारतो. साधारण किती जण येतील ते कळवा.

दुसरी गोष्ट अण्णांना विचारायची आहे. माझी मुलगी गेल्या वर्षीच बेसबॉल बघायला लागली. तिनं पाहिलेला पहिला अख्खा सीझन म्हणजे १०३ विजय, अंतिम फेरीचा क्लीव्हलंडमधला सातवा सामना आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे थेट विजेतेपद. दरवर्षी असंच होतं हे ती धरूनच चालली आहे. अण्णा, तुम्ही एवढी वर्षं बघताय. तिला काय सांगू? यंदाही आपणच का?

---

प्रेषक: अण्णा, ओक पार्क
२८ मार्च २०१७

सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा.

अरे, तिला सांग की ऑक्टोबरात, म्हणजे प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत, आपली टीम खेळताना दिसेल एवढी अपेक्षा ठेव. ती मात्र हक्कानं ठेव. वर्ल्ड सिरीज मागू नकोस.

लागोपाठ दोनदा जिंकणारी शेवटची टीम यँकीज, १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षं. त्यानंतरच्या सोळा वर्षांत, २०१६ पर्यंत, कुणालाच जमलेलं नाही. रेड सॉक्स २०१३ ला जिंकले आणि पुढच्या वर्षी ९१ सामने हरून डिव्हिजनमध्ये शेवटचे आले. कॅन्सस सिटी २०१५ ला जिंकली, गेल्या वर्षी त्यांचे ८१ विजय आणि ८१ पराभव. आपल्या लोकांना हे नवं नाही. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर कप उचलला आणि त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजनं आपल्या घरी येऊन पाचच्या पाच वनडे जिंकल्या, कसोटी मालिकाही ३-० अशी नेली. टीम जवळपास तीच होती.

बेसबॉलमध्ये हे का होतं त्याचं माझ्या मते मुख्य कारण चेंडू टाकणाऱ्याचा, पिचरचा, खांदा. जिंकणारी टीम इतरांपेक्षा महिनाभर जास्त खेळते, तेही प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकत. लेस्टरनं गेल्या वर्षी नियमित सीझनमध्ये दोनशेवर इनिंग टाकल्या आणि वर ऑक्टोबरात तीसहून जास्त. आणि गेल्या वर्षी आपल्या बाबतीत जे घडलं ते फारच दुर्मिळ होतं. लेस्टर, अ‍ॅरिएटा, हेन्ड्रिक्स, हॅमल, लॅकी या पाच जणांनीच १६२ पैकी १५२ सामने सुरू केले. कुणाचं कोपर गेलं नाही, खांदा गेला नाही. असं वर्ष सहसा पुन्हा येत नाही. हॅमल आता गेलाय, लॅकी ३८ वर्षांचा आहे आणि अ‍ॅरिएटाचा करार या सीझननंतर संपतो.

दुसरं कारण फील्डिंग. हेन्ड्रिक्सनं नऊ इनिंगमागे सरासरी २.१३ रन दिले (फील्डिंगच्या चुकांचे वगळून), हा दोन्ही लीगमधला सर्वांत कमी आकडा होता. तो पोरगा हुशार आहे यात वादच नाही, पण त्याच्या मागे बाएझ, रसेल, हेवर्ड उभे होते. आपल्याविरुद्ध बॅटला लागून मैदानात पडलेल्या दर शंभर चेंडूंतले जेमतेम पंचवीस-सव्वीस हिट झाले, म्हणजे मारणारा सुखरूप बेसवर पोहोचला. इतर टीमांचं हे प्रमाण तीसच्या आसपास असतं. आणि सेंटरफील्डला फाउलर होता, तो आता कार्डिनल्सकडे गेला.

फाउलर जाण्याची मला सगळ्यांत जास्त काळजी आहे. तो पहिला बॅटिंगला यायचा, चेंडू निवडून सोडायचा, पिचरला दमवायचा, आणि मागून ब्रायंट, रिझो यायचे. आता त्या जागी मॅनेजर मॅडन श्वॉर्बरला आणतोय. श्वॉर्बरवर माझं फार प्रेम आहे. गेल्या एप्रिलमध्ये गुडघा फाटला, वर्षभर खेळला नाही आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये येऊन .४०० च्या वर सरासरीनं बॅटिंग केली. ज्यानं ते पाहिलं तो विसरणार नाही. पण तो मारणारा आहे. माणसं बेसवर असताना त्यानं यावं. त्याला पहिल्या नंबरवर पाठवणं मला पटत नाही.

शेवटची इनिंग टाकणारा क्लोजर म्हणून चॅपमनऐवजी वेड डेव्हिस आलाय, हा बदल चांगला. गेल्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात पाच रनांची आघाडी असताना चॅपमनला सातव्या इनिंगमध्ये आणायची काही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी दमलेल्या हातानं टाकलेला चेंडू राजाय डेव्हिसनं भिंतीपलीकडे घातला आणि ६-६ झाले. पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला, हेवर्डनं सगळ्यांना आत गोळा केलं, झोब्रिस्टनं डबल मारला, म्हणून आज आपण हे बोलतोय.

आता तुझ्या लेकीसाठी थोडं मागचं. मी आलो तेव्हा रिग्लीला दिवेच नव्हते, ते १९८८ च्या ऑगस्टमध्ये लागले. घरचे सगळे सामने दुपारी. मी लॅबमध्ये रात्रपाळी करायचो, दुपारी उठलो की टीव्हीवर कब्स. शेजारी एक पोस्टमन राहायचे. त्यांनी मला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं: शॉर्टस्टॉपला ६, फर्स्ट बेसला ३, म्हणून ६-३ म्हणजे काय, आणि बघत राहून स्ट्राइकआउट झाला तर के उलटा का लिहायचा. १९८४ ला लीग फायनल सॅन डिएगोत हरलो तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या पोर्चवर होतो. २००३ ला वर्ल्ड सिरीज गाठायला पाच आउट बाकी असताना सगळं हातातून गेलं, तेव्हाही. २०१६ पाहायला ते राहिले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतीवर खडूनं आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते. वेव्हलँड आणि शेफील्डच्या बाजूच्या भिंती हाताच्या उंचीपर्यंत भरल्या, मग कुणीतरी शिड्या आणल्या. अनोळखी लोक एकमेकांना खडू देत होते, शिडी धरत होते. मीही एक नाव लिहून आलो.

म्हणून सांगतो, दरवर्षी वर्ल्ड सिरीज मागितली तर ९५ सामने जिंकलेलं वर्षही पोरीला फुकट गेल्यासारखं वाटेल. या टीमनं २०१२ मध्ये १०१ सामने हरून, मग धीर धरून ही पोरं उभी केली आहेत. ब्रायंट, बाएझ, रसेल, श्वॉर्बर, कॉन्ट्रेरास, सगळे पंचविशीच्या आतबाहेर. पाच-सहा वर्षं दर सप्टेंबरात सामने महत्त्वाचे असावेत, हे मी मागतो. १९०७ आणि १९०८ असे लागोपाठ दोनदा जिंकून दाखवणारी पहिली टीमही कब्सच होती, हेही तिला सांग.

तिकिटांसाठी मी दोन. दुपारचा सामना बघ.

अण्णा

---

प्रेषक: शॉम्बर्गहून
२९ मार्च २०१७

अण्णा, तुमची मेल दोनदा वाचली. मी शिकागोच्या दक्षिणेकडच्या टीमची, व्हाइट सॉक्सची, हे तुम्हाला माहीत आहे. शिकायला ३५ व्या रस्त्यावर होते, स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. तुमची विजेतेपदाविना गेलेली १०८ वर्षं सगळ्या जगाला पाठ झाली, आमची १९१७ ते २००५ अशी ८८ वर्षं याच गावातली आहेत. ती कुणाला आठवत नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या खांद्याच्या मुद्द्याला आमचा पुरावा जोडते. २००५ च्या लीग फायनलमध्ये बर्ली, गार्लंड, गार्सिया, कॉन्ट्रेरास (तुमचा नव्हे, आमचा पिचर) या चौघांनी लागोपाठ चार सामने एकट्यानं पूर्ण टाकले. बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, कुणाला उठावंच लागलं नाही. आता असं होणं नाही. त्या प्लेऑफमध्ये आम्ही बारांपैकी अकरा सामने जिंकलो. २००६ साठी जिम टोमी आणला, त्यानं ४२ होमरन मारले. कागदावर टीम आधीपेक्षा तगडी. पण तेच पिचर, आणि दिलेले रन मात्र सामन्यामागे जवळजवळ एकानं जास्त. ९० सामने जिंकून आम्ही डिव्हिजनमध्ये तिसरे. घरी बसलो.

ते वर्ष मी रागात घालवलं. प्रत्येक पराभवाला ‘गेल्या वर्षी हे झालं नसतं’ असं म्हणत बसायचे. २००८ ला एकदा प्लेऑफ, त्यानंतर २०१६ पर्यंत नाही. नेपरव्हिलकर, तुमच्या लेकीला सांगा, झेंडा चढतो त्या दिवशी नीट बघून घे. सामन्याआधी पोहोचा, पार्किंगमध्ये अडकू नका.

मंडळाची सहल दक्षिणेलाही न्या की एकदा. तिकीट निम्म्यात मिळेल आणि बसायला जागा ऐसपैस.

---

प्रेषक: नेपरव्हिलहून
१४ जुलै २०१७

मंडळी, हाच धागा पुढे नेतो. जुलैतल्या ऑलस्टार सुट्टीपर्यंत कब्सचे ४३ विजय, ४५ पराभव. श्वॉर्बरची बॅटिंग .१७१ वर आली आणि जूनमध्ये त्याला आयोवाच्या दुय्यम टीमकडे पाठवला. काल व्हाइट सॉक्सकडून पिचर क्विंटाना घेतला, बदल्यात होतकरू पोरं दिली: एलोय हिमेनेझ, डिलन सीज आणि आणखी दोघं. लेक विचारते, आता टीम वाईट झाली का?

---

प्रेषक: अण्णा, ओक पार्क
१४ जुलै २०१७

टीम वाईट झालेली नाही, दमलेली आहे. पहिल्या इनिंगमध्येच रन खातात आणि मग दिवसभर पाठलाग करतात. मिलवॉकी साडेपाच सामने पुढे आहे. अडीच महिन्यांत साडेपाच म्हणजे काहीच नाही.

सौदा मला मान्य आहे, जड मनानं. हिमेनेझची बॅट मी पाहिली आहे, तो मोठा होणार. पण क्विंटानाचा करार २०२० पर्यंत आहे आणि पैसे माफक. अ‍ॅरिएटा, लॅकी गेल्यावर कोण टाकणार? विजेत्या टीमनं पोरांना जपून ठेवावं की आत्ता जिंकायला वापरावं, यात मी ‘आत्ता’च्या बाजूनं आहे. ही पोरं पंचवीसची परत होणार नाहीत.

---

प्रेषक: शॉम्बर्गहून
१५ जुलै २०१७

क्विंटानाला जपा. आमच्याकडे तो सात-सात इनिंग टाकायचा आणि आम्ही त्याला रन काढून द्यायचो नाही. त्याच्या खात्यावर ना विजय ना पराभव असे कितीतरी सामने आहेत. कधी तोंड वाकडं केलं नाही त्यानं. हिमेनेझ आणि सीज आता आमचे, त्यांची काळजी मी करते.

---

प्रेषक: अण्णा, ओक पार्क
२० ऑक्टोबर २०१७

दिवाळी पाडव्याच्या शुभेच्छा. काल लक्ष्मीपूजन झाल्या झाल्या डॉजर्सविरुद्धचा लीग फायनलचा पाचवा सामना लावला आणि ११-१ हरलो. त्यांच्या एकट्या किके हर्नांडेझनं तीन होमरन मारले. डॉजर्स वर्ल्ड सिरीजला गेले, त्यांचं मनापासून अभिनंदन. पाचपैकी चार सामन्यांत ते वरचढ होते.

सकाळी स्कोअरकार्डं पुढे घेऊन बसलो. पाच सामन्यांत आपले फक्त आठ रन, आणि आठही होमरनवर आलेले. एकदाही कुणाला बेसवर ठेवून, साध्या हिटवर पुढे सरकवून घरी आणता आलं नाही. आधीच्या फेरीतला वॉशिंग्टनचा तो ९-८ चा सामना आठवा. साडेचार तासांच्या वर चालला, डेव्हिसनं सात आउट काढले, आणि तिथेच टीमचा जीव संपला. लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगला मॅडननं लॅकीला आणलं, ते मला अजिबात मान्य नाही. आदल्या दिवशीच टाकलेल्या ३८ वर्षांच्या माणसाला डॉजर्सच्या टर्नरसमोर उभं करायचं नव्हतं. डेव्हिस बसून होता.

पण ४३-४५ वरून उरलेल्या ७४ पैकी ४९ सामने जिंकून डिव्हिजन घेतली, आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी लीग फायनल खेळली. मार्चमध्ये मी जे मागितलं होतं ते टीमनं दिलं. बुधवारी अ‍ॅरिएटानं शेवटचं टाकून टोपी उचलली तेव्हा सगळं रिग्ली उभं होतं. तो बहुतेक जाईल. डेव्हिसही.

पुढच्या वर्षी दोन पिचर हवेत, एक क्लोजर हवा, आणि पहिल्या नंबरवर चेंडू सोडू शकणारा माणूस हवा. एवढं केलं तर ९५ सामने जिंकावेत असं मला वाटतं.

शॉम्बर्गच्या वहिनी, जुलैत तुमच्याकडे दक्षिणेला आलो त्या सहलीचा हिशेब अजून बाकी आहे, मंडळाच्या खजिनदारांकडे पाठवा. आणि मार्चमध्ये मी मेसाला सराव सामने बघायला जाणार आहे. मुलांच्या सुट्टीत जमत असेल तर नेपरव्हिलकरांनी लेकीला घेऊन यावं. तिथे पोरं कुंपणाशी येऊन सह्या देतात.

अण्णा