स्पीडअपच्या (प्रोग्राम किती पट वेगवान झाला त्या) आकड्याला ± (चुकीचा अंदाज) लावायचा, की सगळ्यात कमी वेळ धरून मोकळं व्हायचं?

तापलेला लॅपटॉप:
सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून कपाशीचा एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) काढणारा प्रोग्राम ओपनएमपीने (काम वाटून एकाच वेळी चालवण्याची सोय) आठ थ्रेडवर, म्हणजे कामाच्या आठ समांतर धाग्यांवर, चालवला. एका थ्रेडवर लागलेले सेकंद: ११९, ११९, १२०, १२०, १२२. आठ थ्रेडवर: २१, २२, २२, २३, ४१. आमचे गाईड म्हणतात सरासरी द्या, सोबत चूकही द्या. मला ते पटत नाही. अडथळ्यांनी वेळ वाढतो, कमी होत नाही. म्हणून खरा वेळ तो किमान वेळ. ११९ भागिले २१, म्हणजे ५.६७ पट. ४१ कशामुळे आला ते मी डोळ्यांनी पाहिलंय: लाईन गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि प्रोसेसरचा वेग उतरला. लाईनचं खापर माझ्या कोडवर कशाला?

पऱ्हाटी:
काहून भाऊ, लाईन जाणं आपल्याकडं अपवाद केव्हापासून झालं? किमान वेळ दाखवणं म्हणजे सगळ्यात पांढरं बोंड पुढं करून अख्ख्या गाडीचा भाव मागणं. सरासरी घेतली तर २५.८ सेकंद, स्पीडअप ४.६५. मध्यक घेतला तर ५.४५. शिवाय जितक्या जास्त वेळा चालवशील तितका किमान आकडा खाली सरकतो. मग कुठं थांबायचं हे कोण ठरवणार?

कोरडवाहू:
दोघंही मूळ हिशेबाला बगल देताय. स्पीडअप हे गुणोत्तर आहे, त्यामुळे वरच्या आणि खालच्या वेळेच्या टक्केवारीतल्या चुकांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. एका थ्रेडच्या सरासरीची स्टँडर्ड एरर (सरासरी किती डळमळीत आहे ते) जेमतेम अर्धा टक्का. आठ थ्रेडची जवळपास १५ टक्के. म्हणून ४.६५ ± ०.७. तो ४१ काढून टाका, लगेच ५.४५ ± ०.१. पाचातल्या एका नोंदीने चूक सातपट होते, म्हणजे नोंदी फार कमी आहेत. स्टँडर्ड एररऐवजी प्रमाण विचलन (एकेका नोंदीचा फैलाव) लावाल तर ± १.५ येईल, प्रबंधात या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. आणि असे वेळ एकाच बाजूला लांब पसरतात, तिथं दोन्हीकडे सारखा ± मुळात शोभत नाही. संख्याशास्त्रज्ञ एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं बूटस्ट्रॅप (त्याच नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने काढून चूक अजमावण्याची पद्धत) वापरा, पण निदान तीसेक नोंदी घेऊन. पाच नोंदींवर तेही काही चमत्कार करत नाही.

वाळवण:
क्रम काय होता? एका थ्रेडच्या फेऱ्या सकाळी आणि आठच्या भर दुपारी घेतल्या असतील, तर मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडं पारा ४५ च्या आसपास असताना प्रोसेसर तापून स्वतःच हळू होतो. ती चूक एकाच दिशेची, तिला कोणताही ± पकडत नाही. हजार वेळा चालवलं तरी तीच.

तापलेला लॅपटॉप:
फेऱ्या आलटून-पालटूनच घेतल्या, कूलरसमोर बसून. किमानावर मी ठाम आहे. मला माझ्या कोडचा स्पीडअप मोजायचाय, गावच्या लाईनचा नाही.

कोरडवाहू:
लाईन सोडा. एक थ्रेड चालतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमची फुटकळ कामं मोकळ्या कोरवर (प्रोसेसरमधल्या रिकाम्या गणन-भागावर) जातात. आठही कोर गुंतले की कुणाला तरी थांबावं लागतं, आणि बॅरियरवर (सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात त्या टप्प्यावर) एक थांबला की सात जण त्याची वाट पाहतात. म्हणजे हा चढउतार समांतर चालवण्यातच आहे, बाहेरून आलेला नाही. किमान वेळ घेऊन तुम्ही नेमकं तेच पुसता.

पऱ्हाटी:
बरं, अम्डालच्या नियमात (एकाच थ्रेडवर अडकलेल्या भागामुळं स्पीडअपला मर्यादा येते, तो नियम) घालून पाहा. ५.६७ वरून कोडचा सुमारे ६ टक्के भाग एकाच थ्रेडवर अडकलेला निघतो, ४.६५ वरून १० टक्के. पहिल्या हिशेबानं कितीही कोर लावले तरी मर्यादा १७ पट, दुसऱ्यानं दहाच्याही आत. उद्या कॉलेज या आकड्यावर सर्व्हर मागवायला निघालं तर कोणता देशील?

तापलेला लॅपटॉप:
५.६७. सर्व्हरला यूपीएस असतो.

पऱ्हाटी:
यूपीएसची बॅटरी कोण बदलतंय, ते पण कोटेशनमध्ये लिहून घे.